रेख्तावर साहिर वाचताना: फुकटची सेवा, पण थोडी उलटी वापरायची

रेख्ता हे उर्दू कवितेचं संकेतस्थळ जानेवारी 2013 मध्ये सुरू झालं. संजीव सराफ यांनी ते उभं केलं, आणि आजही त्यावरची कविता वाचायला पैसे पडत नाहीत. उर्दू लिपी न येणाऱ्या माणसाला मूळ शब्दांतली उर्दू कविता देवनागरीत, शब्दाशब्दाच्या अर्थासह, इतक्या मोठ्या प्रमाणावर मिळण्याची दुसरी सोय नाही. खाली बऱ्याच तक्रारी येणार आहेत, म्हणून हे आधीच नोंदवलेलं बरं.

इथे सगळ्या संकेतस्थळाचं परीक्षण नाही. प्रश्न एकच ठेवला आहे: साहिर लुधियानवी हा शायर आणि गीतकार समजून घ्यायचा असेल, तर मराठी वाचकाला रेख्ता कितपत उपयोगी पडतं? पडतं, आणि चांगलंच पडतं. मात्र संकेतस्थळ ज्या वाटेने नेतं त्या वाटेने गेलात तर साहिर हाती लागत नाही.

कारण असं, की रेख्ताची सगळी मांडणी शेराच्या सोयीची आहे. निवडक शेर, लोकप्रिय शेर, अमुक विषयावरचे शेर, चित्रावर छापलेले शेर. गझलेचा शेर दोन ओळींत पूर्ण होतो, त्यामुळे मीर किंवा गालिब असा सुटा सुटा वाचला तरी फार बिघडत नाही. साहिर मुळात नज्मेचा कवी. नज्म एका विषयाला धरून चढत जाते, आणि तिच्यातल्या दोन ओळी उचलल्या की मागेपुढे धरून ठेवलेला राग किंवा उपरोध गळून पडतो. 'वो अफ़साना जिसे अंजाम तक लाना न हो मुमकिन' ही ओळ हजारो ठिकाणी प्रेमभंगाचं सुभाषित म्हणून फिरते. ती ज्या नज्मेच्या शेवटाकडे येते तिथे दोन माणसं एकमेकांशी परक्यासारखं वागायचा करार करत आहेत, आणि ही ओळ त्या करारामागचं कारण आहे. म्हणून पहिला नियम: साहिरच्या पानावर गेलात की शेरांचा विभाग सोडा, थेट 'नज़्म' उघडा.

शोधताना पहिली ठेच इथेच लागते. गझल तिच्या पहिल्या ओळीने ओळखली जाते, पण नज्मेला स्वतंत्र शीर्षक असतं आणि यादीत तेच दिसतं. सिनेमातल्या ओळीवरून यादी चाळत बसलात तर काहीच सापडणार नाही. 'जिन्हें नाज़ है हिंद पर' हवं असेल तर 'चकले' शोधा. (चकला म्हणजे कुंटणखाना. हिंदीत पोळपाटालाही चकलाच म्हणतात, म्हणून शब्दकोशात पहिलाच अर्थ उचलू नका.) 'चलो इक बार फिर से' ही 'ख़ूबसूरत मोड़' या नावाखाली आहे, आणि 'मेरे महबूब कहीं और मिला कर मुझसे' ही 'ताज-महल' नावाखाली. नुक्त्यांचा (अक्षराखालच्या ठिपक्यांचा) घोळ होत असेल तर रोमन अक्षरांत शोधणं सोपं जातं.

पान उघडल्यावर भाषा 'हिन्दी' निवडायची. मजकूर देवनागरीत येतो. कोणत्याही शब्दावर बोट ठेवलं की छोटी चौकट उघडून अर्थ दिसतो. हीच या सेवेची खरी किमया. छापील देवनागरी संग्रहांत कठीण शब्दांचे अर्थ तळटीपेत असतात, आणि नेमका अडलेला शब्द त्यांत नसतो. इथे प्रत्येक शब्द उघडता येतो. अर्थ मराठीत मिळत नाहीत, ही उणीव आहेच. श्रीपाद जोशींचा उर्दू-मराठी शब्दकोश कुणाकडे असेल तर तो शेजारी ठेवावा. माधव जूलियन यांचा फार्सी-मराठी कोश 1925चा, पण संयुक्त फारसी शब्द फोडायला तो अजून कामाला येतो.

पण मराठी वाचक जास्त फसतो तो ओळखीच्या शब्दांवर. अनोळखी शब्दावर आपण बोट ठेवतोच, ओळखीच्या शब्दावर ठेवत नाही. साहिरच्या पहिल्या संग्रहाचं नावच घ्या: 'तल्ख़ियाँ'. मराठीत जिवाची तलखी होते ती उन्हाने, तहानेने, काहिलीने. उर्दूत तल्ख़ी म्हणजे कडवटपणा. त्याच्या एका नज्मेचं नाव 'शिकस्त' आहे. आपण प्रयत्नांची शिकस्त करतो, म्हणजे पराकाष्ठा करतो. उर्दूत शिकस्त म्हणजे सरळ पराभव. हैराण माणूस मराठीत त्रासलेला असतो, उर्दूतला हैरान चकित झालेला. मराठी तक्रार गाऱ्हाणं घेऊन येते, उर्दू तकरार म्हणजे वाद किंवा तेच ते पुन्हा म्हणणं. उमेद आपल्याकडे हुरूप आहे, तिकडे उम्मीद ही आशा. 'ख़ाली' दिसलं की रिकामं समजायचं, जमिनीकडे बघायचं नाही. असे पाचपन्नास शब्द तरी निघतील. बहमनी काळापासून पेशवाईपर्यंत फारसी शब्द मराठीत आले आणि इथे येऊन आपापला संसार थाटून बसले. सवय अशी लावावी: जो शब्द मराठीतही आहे त्यावर आधी बोट ठेवावं.

नुक्त्याबद्दल दोन शब्द. 'ज़' मराठी माणसाला जड जायचं कारण नाही, जोर, बाजार, जमीन यांतला ज त्याच्या फार जवळचा आहे. उलट नुक्ता नसलेला ज हा जीव, जेवण यांतला घ्यायचा. राज म्हणजे राज्य, राज़ म्हणजे गुपित. जलील म्हणजे थोर, ज़लील म्हणजे अपमानित, आणि हा घोळ भर सभेत झाला तर पंचाईत आहे. क़, ख़, ग़ मात्र कानाने ऐकूनच शिकावे लागतात. त्यासाठी कवितांसोबत दिलेली अभिवाचनं ऐकावीत. 'ख़्वाब' मधला व लिहायचा असतो, उच्चारायचा नसतो. म्हणताना तो 'ख़ाब' होतो.

मग त्या आडव्या रेघा. '-ए-' म्हणजे इज़ाफ़त, आपल्या चा-ची-चेसारखा दुवा, आणि ती जोडते ते शब्द मराठीत आणताना उलट्या क्रमाने वाचायचे. 'चकले' या नज्मेचं पालुपद आहे 'सना-ख़्वान-ए-तक़दीस-ए-मशरिक़ कहाँ हैं'. शेवटून सुरुवात करा: मशरिक़ म्हणजे पूर्व, तक़दीस म्हणजे पावित्र्य, सना-ख़्वान म्हणजे स्तुती गाणारे. पूर्वेच्या पावित्र्याची स्तोत्रं गाणारे कुठे आहेत? सरळ क्रमाने अर्थ लावत गेलात तर पहिल्याच ओळीत अडकाल.

वाचक विचारतात की 'मेरी' ऐवजी 'मिरी', 'तेरे' ऐवजी 'तिरे', 'एक' ऐवजी 'इक' असं का छापलंय, छपाईची चूक आहे का. अजिबात नाही, आणि रेख्ताच्या संपादनातली ही सर्वात चांगली गोष्ट आहे. उर्दू छंदात 'मेरे' गरजेप्रमाणे आखूड होतो, आणि तो जिथे आखूड म्हणायचा तिथे ते तसा लिहितात. 'कभी कभी मिरे दिल में ख़याल आता है' या ओळीत 'मेरे' नीट दीर्घ म्हटलं तर ओळ लंगडते. 'मिरे' वाचलं की चालू लागते. स्वस्त देवनागरी संग्रहांत सगळीकडे 'मेरे' छापून ठेवतात आणि वाचणारा स्वतःलाच दोष देत बसतो.

छंदाचा विषय निघालाच आहे, तर मराठी वाचकाच्या हातात एक किल्ली आधीपासून आहे. 'चकले'ची ओळ लगागा लगागा लगागा लगागा (ल म्हणजे लघु, गा म्हणजे गुरू) अशी जाते. उर्दूत त्याला फ़ऊलुन चार वेळा म्हणतात, आपण भुजंगप्रयात म्हणतो. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावें' ज्या चालीत म्हणता त्याच चालीत 'सना-ख़्वान-ए-तक़दीस-ए-मशरिक़ कहाँ हैं' म्हणून पाहा: सनाख़्वा, नितक़दी, सिमशरिक़, कहाँ हैं. तंतोतंत बसतं. कुंटणखान्यावरची नज्म मनाच्या श्लोकांच्या ठेक्यात म्हणायला अवघडल्यासारखं होईल खरं, पण ओळ कुठे तोडायची ते एका फटक्यात कळतं. 'ये महलों ये तख़्तों ये ताजों की दुनिया' हीसुद्धा त्याच मापाची. 'चलो इक बार फिर से अजनबी बन जाएँ हम दोनों' लगागागा चार वेळा आहे, म्हणजे मराठी गझलकारांची वियद्गंगा. वृत्तं आपण शाळेत रडतखडत पाठ केली, ती इथे फुकट उपयोगी पडतात.

आता ज्या कामासाठी रेख्ता खरोखर उघडावं ते काम. एका बाजूला नज्म उघडायची, दुसऱ्या बाजूला तिचंच सिनेमातलं गाणं लावायचं, आणि कुठला शब्द बदलला ते टिपायचं. साहिर गीतकार म्हणून काय करत होता हे अशा तासाभरात जेवढं कळतं तेवढं कुठल्याही चरित्रात कळत नाही.

'चकले'पासून सुरुवात करावी. ही नज्म 'तल्ख़ियाँ'मधली, म्हणजे फाळणीपूर्वीच्या लाहोरची. 1957च्या 'प्यासा'त ती आली तेव्हा पालुपद झालं 'जिन्हें नाज़ है हिंद पर वो कहाँ हैं'. नेहमी सांगतात की मूळ शब्द प्रेक्षकांना जड गेले असते म्हणून ते सोपे केले. ते खरं आहे, पण अर्धं. दोन्ही ओळी छंदात अगदी बरोबरीच्या आहेत, एक मात्रा इकडची तिकडे नाही. बदलला आहे तो आरोपी. मूळ नज्मेत जाब विचारलाय तो 'पूर्वेची संस्कृती' म्हणून छाती फुगवणाऱ्यांना. 1957मध्ये 'हिंद' हा शब्द आला आणि तोच प्रश्न दहा वर्षं वयाच्या स्वतंत्र देशाच्या तोंडावर जाऊन आदळला. शब्द सोपा झाला आणि घाव खोल गेला. मूळ नज्म समोर नसेल तर हे लक्षात येत नाही.

'कभी कभी'चं उदाहरण वेगळ्या तऱ्हेचं. नज्म 'तल्ख़ियाँ'च्याच काळातली, चित्रपट 1976चा. नज्मेत ओळ आहे 'ये तीरगी जो मिरी ज़ीस्त का मुक़द्दर है'. तीरगी म्हणजे अंधार, ज़ीस्त म्हणजे आयुष्य: माझ्या आयुष्याच्या नशिबीच असलेला हा अंधार. पडद्यावरच्या अभिवाचनात तिथे दिलावर पसरलेली रंज-ओ-ग़मची काजळी येते. कठीण शब्द गेले, पण त्यांच्याबरोबर 'मुक़द्दर'ही गेला. नशिबात लिहिलेला अंधार आणि मनावर आलेलं मळभ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुकेशने गायलेल्या गाण्यात तर पहिली ओळ तेवढी मूळची राहते आणि पुढे 'जैसे तुझको बनाया गया है मेरे लिए'. तुझ्याबरोबर आयुष्य वेगळं 'होऊ शकलं असतं' हे नज्मेचं व्याकरणच गायब. लग्नाच्या वाद्यवृंदात हे गाणं हमखास वाजतं. मूळ नज्म वाचलेला माणूस त्या मांडवात जरा चुळबुळतो.

'ख़ूबसूरत मोड़' मात्र 'गुमराह'मध्ये (1963) जवळजवळ जशीच्या तशी गेली. ती मुळातच बोलीच्या जवळ होती. आणि 'तंग आ चुके हैं कशमकश-ए-ज़िंदगी से हम' ही गझल दोन ठिकाणी ऐकावी. 'प्यासा'त रफीच्या आवाजात ती जवळजवळ वाद्यांविना येते, मैफलीत म्हटल्यासारखी. 'लाइट हाउस'मध्ये (1958) आशा भोसल्यांनी गायली, आणि चाल एन. दत्तांची. हे एन. दत्ता म्हणजे गोव्याचे दत्ता नाईक. साहिरबरोबर 'मिलाप', 'चंद्रकांता', 'साधना', 'धूल का फूल', 'धर्मपुत्र' असं भरपूर काम त्यांनी केलं. 'औरत ने जनम दिया मर्दों को' आणि 'तू हिंदू बनेगा न मुसलमान बनेगा' ही त्यांचीच गाणी. सचिनदेव बर्मन, रोशन, खय्याम यांच्या नावांपुढे त्यांचं नाव मागे पडतं, आणि ते मराठी-कोंकणी माणसाने तरी पडू देऊ नये.

आणखी एक जोडी याच संकेतस्थळावर लावता येते. इक्बालचा 'तराना-ए-मिल्ली' उघडा आणि शेजारी 'फिर सुबह होगी'मधलं (1958) 'चीन-ओ-अरब हमारा' ऐका. पहिली ओळ तीच. इक्बालची दुसरी ओळ साऱ्या जगाला मुसलमानांचं वतन म्हणते. साहिरची म्हणते, राहायला घर नाही, जग सारं आमचंच आहे. गंमत म्हणजे 'साहिर' हे तखल्लुसही (कवीचं टोपणनाव) त्याने इक्बालच्याच ओळीतून उचललं, दाग या शायराच्या मृत्यूवर लिहिलेल्या शोककाव्यातून. साहिर म्हणजे जादूगार.

या सेवेची खरी उणीव आहे काळाच्या बाबतीत. रचना लोकप्रियतेच्या किंवा अक्षरांच्या क्रमाने लागतात. बऱ्याच पानांखाली कुठल्या संग्रहातून घेतली ते दिलेलं असतं, पण केव्हा लिहिली ते नसतं. 22 वर्षांच्या पोराने लिहिलेलं आणि 50 वर्षांच्या यशस्वी गीतकाराने लिहिलेलं एकाच रांगेत येतं. म्हणून निदान एवढा सांगाडा वहीत उतरवून घ्यावा. जन्म 8 मार्च 1921, लुधियाना, मूळ नाव अब्दुल हयी. बाप जमीनदार. आईने त्याच्यापासून वेगळं होऊन मुलाला वाढवलं. 'जागीर'सारखी नज्म वाचताना हे माहीत असावं. 1943मध्ये लाहोर, मग 'तल्ख़ियाँ', मग 'अदब-ए-लतीफ़', 'सवेरा' या नियतकालिकांची संपादकी. 1949मध्ये लाहोर सोडून दिल्ली आणि तिथून मुंबई. 1951मध्ये 'नौजवान' आणि 'बाज़ी', दोन्हींना संगीत सचिनदेव बर्मनचं, आणि ही जोडी 'प्यासा'पर्यंत टिकली. 1957मध्येच ओ. पी. नय्यरबरोबर 'नया दौर'. 1961मध्ये जयदेवबरोबर 'हम दोनों'. 1963च्या 'ताज महल'मधल्या गाण्यासाठी पहिलं फिल्मफेअर, दुसरं 'कभी कभी'साठी. 1971मध्ये पद्मश्री. 25 ऑक्टोबर 1980 रोजी मुंबईत निधन.

यात एक मजा लक्षात येईल. 1963मध्ये 'ताज महल'ची गाणी लिहिणारा, आणि ताजमहाल म्हणजे एका बादशहाने संपत्तीच्या जोरावर गरिबांच्या प्रेमाची उडवलेली थट्टा असं नज्मेत म्हणणारा, हा माणूस एकच. ती नज्म पुढच्याच वर्षी 'ग़ज़ल' चित्रपटात मदनमोहनच्या चालीवर आलीसुद्धा.

पूर्ण गीतकार साहिर हवा असेल तर मात्र रेख्ता पुरं पडत नाही. त्याचा भर साहित्यिक मजकुरावर आहे. 'चित्रलेखा'मधल्या (1964) 'मन रे तू काहे न धीर धरे'ची भाषा जवळजवळ संतकवींची आहे, 'हम दोनों'मधलं 'अल्लाह तेरो नाम' भजनाच्या वळणाचं. हा साहिर नज्मांच्या यादीत भेटत नाही. त्याने स्वतःच आपल्या चित्रपटगीतांचा संग्रह 'गाता जाए बंजारा' या नावाने काढला. देवनागरीत तो छापील शोधावा.

ई-पुस्तकांच्या विभागाबद्दल गैरसमज नको. तिथे जुन्या पुस्तकांची छायाचित्रित पानं आहेत, बहुतेक उर्दू लिपीत. ती पडद्यावर वाचायची असतात, उतरवून घेता येत नाहीत. आणि पान हे चित्र असल्यामुळे शब्दावर बोट ठेवून अर्थ निघत नाही. तिथपर्यंत जायचं तर लिपी शिकावीच लागेल. त्यासाठी त्यांनीच 'आमोज़िश' हा वर्ग सुरू केला होता. देवनागरी पुरेशी वाटत असेल तर एक छोटी चाचणी घ्या. उर्दूत ज़ या आवाजाची चार अक्षरं नेहमीच्या वापरात आहेत: ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोय. देवनागरीत चौघांचा एकच ज़ होतो. 'नज़्र' म्हणजे भेट, आपला नजराणा त्याच घरातला, आणि त्यात ज़ाल आहे. 'नज़र' म्हणजे दृष्टी, तिच्यात ज़ोय. उर्दू लिपीत हे दोन शब्द लांबूनही वेगळे दिसतात, देवनागरीत मात्र फरक फक्त ज़ आणि र यांच्या जोडाक्षराचा, आणि तो छापणाऱ्याच्या हातून सुटला की ओळीचा अर्थही सुटतो.